ताट बदलले, शरीर बदलले : दोष जिभेचा की बाजाराचा?

समुद्रकाठ (ऑकलंड)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी दक्षिण ऑकलंडमध्ये औषधांच्या दुकानात काम करतो. आमच्या वस्तीत सामोआ आणि टोंगा या बेटांवरून आलेली कुटुंबे फार आहेत. दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे न्यायला आई, मुलगी आणि कधी नातही एकाच वेळी येते, तेव्हा आजार घराण्यात किती खोल उतरला आहे ते डोळ्यांना दिसते.

या लोकांचे मूळ जेवण ऐकले तर कोकणातला माणूस चकित होईल. त्यांचा तारो म्हणजे आपल्या अळूचाच कंद. अळूच्या पानांत नारळाचे दूध घालून ते तापलेल्या दगडांवर शिजवतात आणि त्याला पालुसामी म्हणतात. जोडीला विलायती फणस आणि मासे. आज रविवारी चर्चनंतरच्या पंगतीत हे पदार्थ असतातच, पण त्यांच्या शेजारी डबाबंद खारवलेले गोमांस असते, मेंढीच्या पोटाकडचे चरबीचे पट्टे असतात आणि रंगीत सरबताच्या बाटल्या असतात. डब्यातल्या मांसाला सामोआच्या भाषेत ‘पिसुपो’ म्हणतात. हा शब्द वाटाण्याच्या सूपच्या इंग्रजी नावावरून आला, कारण बेटावर आलेल्या पहिल्या डब्यांत ते सूप होते. पुढे डब्यातले प्रत्येक अन्न पिसुपोच ठरले, आणि लग्नामर्तिकात पिसुपोचे डबे भेट देणे मानाचे झाले.

सामोआत अमेरिकेतून टर्कीच्या शेपटांचे मांस येते. पक्ष्याच्या मागच्या भागातला हा जवळजवळ चरबीचाच गोळा अमेरिकेत फारसा खपत नाही, म्हणून तो बेटांवर स्वस्तात जातो. सामोआने २००७ साली त्याची आयात बंद केली, पण २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश घेताना ती बंदी उठवण्याचे मान्य करावे लागले. फिजीने २००० साली मेंढीच्या त्या पट्ट्यांच्या विक्रीवर बंदी घातली होती. ते पट्टे जातात आमच्या न्यूझीलंडमधून आणि ऑस्ट्रेलियातून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगातील दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. टोंगा, अमेरिकन सामोआ आणि नाउरू येथे हे प्रमाण प्रौढांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक आहे. काउंटरच्या अलीकडे उभे राहून ‘खाणे आवरा’ असे सांगणे सोपे आहे, आणि मीही ते वर्षानुवर्षे सांगत आलो. आता मला ते अपुरे वाटते. आपापल्या गावांत, देशांत तुम्ही काय पाहता? माणसाची जीभ सुटली म्हणून हे झाले, की त्याच्या ताटाभोवतीचा सगळा बाजारच बदलला म्हणून?

मालदांडी (मंगळवेढा)

समुद्रकाठ, तुमचा तारो तसा आमचा शाळू. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस सरल्यावर, नुसत्या मुरलेल्या ओलीवर ही रब्बीची ज्वारी येते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले त्या वर्षी आमच्याच घरात रोज सकाळी पोळी आणि रात्री भात होत होता, आणि भाकरी आठवड्यातून दोनदा.

हे कसे झाले ते मी घरात बसून पाहिले आहे. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मिळू लागले, ज्वारी क्वचितच. जे धान्य दुकानात दोन-तीन रुपयांत मिळत होते ते सोडून माणूस महागाची ज्वारी का घेणार होता? पूर्वी पोळी सणाला किंवा पाहुण्याला होत असे, त्यामुळे ती रोज मिळू लागणे हे बरकतीचे लक्षण मानले गेले. शाळूची काढणी हाताने उपटून करावी लागते आणि त्याला माणसे मिळत नाहीत, म्हणून लोक उसाकडे वळले. भाकरी करणेही सोपे नव्हे. पीठ ताजे लागते, जुने झाले की विरी जाते आणि कडा फाटतात. गरम पाण्यात मळून, काटवटीत थापून, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकण्याच्या आत उलटायची. माझ्या आईच्या हाताला हे अंधारातही जमते. माझ्या सुनेला ते येत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. सकाळी सात वाजता बँकेच्या बसला उभे राहणाऱ्या बाईने चूल केव्हा पेटवायची?

हल्ली शहरांत ज्वारी परत आली आहे, पण ती पिझ्झ्याच्या पाकिटावर ‘मिलेट’ म्हणून. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते, तेव्हापासून असे फार दिसते. आमच्या गावातल्या मजुराच्या ताटात मात्र ती अजून परतलेली नाही.

रोखठोक

दोघांचेही लेखन वाचून वाईट वाटले, पण मी सहमत नाही. कोणी कोणाच्या तोंडात घास कोंबत नाही. माझ्या वडिलांनी हॉटेल चालवले, घरात रोज वडे-भजी तळली जात, तरी ते स्वतः दोन चपात्या आणि पालेभाजी यांपलीकडे गेले नाहीत. बाजाराला दोष दिला की माणूस मोकळा होतो आणि सुधारत नाही. शिवाय सामोआच्या लोकांची शरीरे मुळातच थोराड असतात असे वाचले आहे. हा आनुवंशिकतेचा भाग नाही का?

समुद्रकाठ

रोखठोक, तुमच्या वडिलांविषयी आदर वाटला. आनुवंशिकतेचा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. सामोआच्या लोकांत वजन वाढवणारा एक जनुकीय बदल आढळतो. त्यावरचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातच असेही दिसले की तो बदल असलेल्यांना मधुमेहाचा धोका उलट कमी असतो. शिवाय हे जनुक त्यांच्या पणजोबांतही होते. दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते जहाजातून उतरणारे सामान.

हिरवीमिरची (पुणे)

मी आहारतज्ज्ञ आहे. रोखठोक यांच्या ‘थोराड’ या शब्दावरून आपल्या शरीरांविषयी लिहिते, कारण आपल्याकडे लठ्ठपणा आरशात दिसतच नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे एक छायाचित्र दिले होते. दोघेही सडपातळ, आणि दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मी हे चित्र माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, कारण ‘मी तर बारीकच आहे’ या वाक्याचे त्याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

याचे मूळ जन्माआधी आहे. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू आहे. तिथली बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत भरली, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे साडेतीन किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे उपाशी आईच्या पोटातले मूल चरबी राखून ठेवायला शिकूनच जन्माला येते, आणि मग वीस वर्षांनी त्याला शहरात खुर्चीवरची नोकरी, मैद्याचा नाश्ता आणि दिवसाला पाच गोड चहा मिळतात.

गेल्या महिन्यात एक तरुण आला होता. वय एकतीस, वजन एकसष्ट किलो, सदरा अंगावर सैल. फीत बेंबीभोवती गुंडाळली तर घेर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा धरतात. त्याने फितीकडे पाहिले, पोट आत ओढले आणि पुन्हा मोजायला सांगितले. मी श्वास सोडायला सांगून मोजले, तरी ९४ च. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेला देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर आहेत. त्यातच पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला, तर वजनावरून ठरणारा २८.६ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधल्या फटीत तो सैल सदऱ्याचा तरुण बसतो.

निवडुंग (माँतेरे, मेक्सिको)

नोकरीनिमित्त सहा वर्षे मेक्सिकोत आहे. समुद्रकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नाचा पूर्ण अभ्यासक्रमच या देशाने घालून दिला आहे असे म्हणता येईल.

इथले जुने जेवण मका, घेवडा, भोपळा आणि मिरची. मका चुन्याच्या निवळीत उकळून, धुऊन, वाटून त्याच्या पोळ्या करतात. चुन्यामुळे मक्यातले जीवनसत्त्व अंगी लागते. चव आणि पोषण दोन्ही साधणारी ही पद्धत हजारो वर्षांची आहे. १९९४ साली अमेरिका आणि कॅनडा यांच्याबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्यानंतर स्वस्त अमेरिकी मका, मक्यापासूनचे गोड पाक, खारे चटकदार पदार्थ आणि त्यांचे कारखाने देशभर पसरले. आज हा देश जगात सर्वाधिक शीतपेये पिणाऱ्यांपैकी एक आहे. दक्षिणेकडच्या चियापास राज्यात अशी वस्ती आहे की जिथे नळाला पिण्याचे पाणी भरवशाचे नाही, पण शीतपेयाची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात बारमाही मिळते. तहान लागलेल्या माणसाला जिभेवर ताबा ठेव म्हणून कसे सांगणार?

मग सरकारला जाग आली. २०१४ च्या जानेवारीपासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसला, म्हणजे किमतीत साधारण दहा टक्के वाढ. पहिल्या दोन वर्षांत अशा पेयांची खरेदी सरासरी ७.६ टक्के घटली, आणि गरीब घरांत ती अधिक घटली. २०२० च्या ऑक्टोबरपासून पाकिटांवर काळे अष्टकोन आले: ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’, ‘उष्मांक जास्त’. ही कल्पना चिलीची, तिथे ती २०१६ पासून आहे. चिलीत तर धान्याच्या खोक्यांवरचे कार्टूनचे वाघ-ससेही काढून टाकायला लावले. मार्च २०२५ पासून मेक्सिकोच्या शाळांत असे पदार्थ विकायला मनाई झाली.

माझा मुलगा दुकानात पाकीट उलटून वाचत नाही, समोरचे अष्टकोन मोजतो. ‘बाबा, याला तीन आहेत’ असे म्हणून एकदा त्याने स्वतःहून पाकीट परत ठेवले. तो तेव्हा सात वर्षांचा होता. हे मी शंभर वेळा सांगून झाले नसते.

रोखठोक

७.६ टक्के घट म्हणजे ९२ टक्क्यांहून अधिक खरेदी चालूच राहिली. करामुळे वजन उतरले का, हे निवडुंग यांनी सांगितलेले नाही.

निवडुंग

प्रश्न रास्त आहे. मेक्सिको आजही लठ्ठच आहे, आणि एका पेसोने ते उतरेल असे मी म्हणणार नाही. चिलीत इशारे, जाहिरातींवर बंधने आणि शाळांतली बंदी हे तिन्ही एकत्र आले, तेव्हा गोड पेयांची खरेदी पहिल्या टप्प्यात सुमारे २४ टक्के घटली. एकेक उपाय थोडेच करतो, म्हणून तर ते एकत्र लागतात.

जमाखर्च (नाशिक)

आपल्याकडे सध्या करांची दिशा अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत शीतपेये ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, पण बिस्किटे, चॉकलेटे आणि पाकिटातले फरसाण ५ टक्क्यांवर आले. घरखर्च हलका झाला म्हणून बहुतेकांनी आनंद मानला, मीही मानला. हा धागा वाचून हिशेब पुन्हा मांडावासा वाटतो.

कुरडई (अकोला)

एक शंका. हल्ली ‘प्रक्रिया केलेले अन्न’ वाईट असे सरसकट म्हणतात. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवण पडते: पापड, कुरडया, सांडगे, शेवया. गव्हाचा चीक काढायला तीन दिवस जातात. ही प्रक्रियाच झाली की. मग आपली कुरडई आणि दुकानातली नळकांडी एकाच पंक्तीत बसतात का?

हिरवीमिरची

कुरडई, अजिबात बसत नाहीत, आणि हा फरक नेमका सांगणारे वर्गीकरण ब्राझीलमधून आले. साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये असे सुचवले की अन्नात कोणते घटक आहेत यापेक्षा त्यावर कोणती आणि कशासाठी प्रक्रिया झाली ते पाहावे. वाळवणे, खारवणे, आंबवणे या टिकवण्याच्या रीती आहेत. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, कृत्रिम स्वाद, रंग, इमल्सिफायर वगैरे, म्हणजे घरात कधी ठेवत नाहीत असे घटक एकत्र करून कारखान्यात जे पदार्थ घडवतात, त्यांना त्यांनी अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हटले. ब्राझीलच्या २०१४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेत असे अन्न टाळा, असे सरळ सांगितले आहे.

हा नुसता तर्क राहू नये म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी एक प्रयोग केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. वीस जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण आणि दोन आठवडे साधे जेवण. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ आणि तंतू सारखे, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा. पहिल्या प्रकारात तीच माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलो वाढले. दुसऱ्या प्रकारात तेवढेच उतरले. रोखठोक, माणसे तीच होती आणि त्यांच्या जिभाही त्याच.

तळलेली कुरडई मात्र पानात एकच घ्या. तेल तेलच असते.

रोखठोक

हा प्रयोग मला माहीत नव्हता, आणि तो विचार करायला लावतो. तरीही एक गोष्ट सुटते आहे. मालदांडी यांचे आजोबा नांगर धरत होते, म्हणून त्यांना चार भाकऱ्या पचल्या. आज ट्रॅक्टर आहे, मोटार आहे, लिफ्ट आहे. जेवण तेच ठेवून अंग हलवणे थांबले तरी पोट सुटणारच.

हिरवीमिरची

मीही अनेक वर्षे असेच सांगत होते. टांझानियातील हादझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर चालतात. २०१२ साली त्यांच्या शरीराचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च मोजला गेला, आणि शरीराचा आकार लक्षात घेतला तर तो शहरी पाश्चात्त्यांइतकाच निघाला. जास्त हालचाल केली की शरीर दुसरीकडे काटकसर करते असे दिसते. चालणे हृदयाला, साखरेला आणि मनाला फार चांगले, ते सोडू नका, पण आपण चालत नाही म्हणून सगळे जग जाड झाले हे गणित जमत नाही. पारडे खाण्याकडेच झुकते.

पेजेचीवाटी (फोंडा, गोवा)

वर ज्या देशव्यापी अभ्यासाचा उल्लेख आला त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आमच्या गोव्यात होते, २६.४ टक्के. आमच्या घरात सकाळी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, करमलाचे लोणचे आणि असलाच तर सुका बांगडा असे. पेज पातळ असे, पोट भरे आणि तासाभरात शेतात उतरता येई. आता शेत पडीक आहे, दहा वाजता कार्यालयात पॅटिस आणि गोड चहा येतो, आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला की उंडे घ्यायचे तेही आता घरातल्या निम्म्यांना मऊ पाव आवडतो म्हणून दुकानातून येतात. पेज कोणी बंद केली नाही. दहा वाजता घरी कोणीच नसते, एवढेच.

सायलीचीआई (डोंबिवली)

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेने तपासणी करून ‘अतिवजन’ अशी चिठ्ठी दिली, ती चिठ्ठी दप्तरात बाकीच्या मुलींनी पाहिली आणि ती दोन दिवस डबा न खाता परत आली. पहिली विनंती अशी की या विषयावर बोलताना मुलांच्या मनाला किती लागते ते लक्षात ठेवा.

मी त्या रात्री घरातली सगळी पाकिटे ओट्यावर मांडली. दुधात घालायची पावडर आम्ही उंची वाढावी म्हणून आणतो. बारीक अक्षरांत दर १०० ग्रॅमला ३२ ग्रॅम साखर. आम्ही दिवसाला दोन मोठे चमचे दोनदा घालत होतो, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम पावडर आणि १६ ग्रॅम साखर. मधल्या सुटीतल्या ‘पौष्टिक’ बिस्किटांचा ६० ग्रॅमचा पुडा, त्यात १५ ग्रॅम. म्हणजे संध्याकाळ व्हायच्या आत ती ३१ ग्रॅम साखर खात होती आणि मी तिला एकही मिठाई दिली नव्हती. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा असे सांगते. मी पदवीधर आहे, लोकलमध्ये उभ्याने येताना मला तेवढाच वेळ मिळतो, आणि ती अक्षरे वाचायला मला मोबाइलचा दिवा लावावा लागला. रोखठोक दादा, यात माझ्या मुलीच्या जिभेचा दोष किती धरायचा?

शाळेच्या फाटकाबाहेर टपरी आहे. असे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत असा नियम २०२० पासून आहे हे मला हल्लीच कळले.

रोखठोक

सायलीची आई, मुलीचा दोष काहीच नाही. माझे शब्द कठोर होते. मुलांच्या बाबतीत मी ते मागे घेतो.

गुलमोहर (तोक्यो)

शाळेवरून लिहितो. इथे प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण चार-पाच टक्के आहे, आणि त्याचे श्रेय केवळ मासे-भाताला देणे बरोबर नाही. १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला, २००५ साली आहारशिक्षणाचा. महिन्याच्या सुरुवातीला मुलीच्या दप्तरातून एक तक्ता येतो, त्यात रोजचा पदार्थ, त्यातले घटक आणि उष्मांक. पांढरे एप्रन घालून मुलेच वाढतात आणि शिक्षक वर्गातच त्यांच्याबरोबर जेवतात. डबा नाही आणि टपरीही नाही. पहिल्या वर्षी आम्ही शाकाहारी म्हणून फार अडचण झाली, वेगळा डबा द्यावा लागला, तेव्हा ही व्यवस्था सगळ्यांना सारखी सोयीची नाही हेही सांगितले पाहिजे.

२००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांचा कंबरेचा घेर दरवर्षी मोजतात. पुरुषांसाठी मर्यादा ८५ सेंटिमीटर. माझा भरला ८८, आणि सल्ला घ्यायला बोलावणे आले.

बहात्तरचादुष्काळ (माण)

माझे वय त्र्याहत्तर. १९७२ च्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होतो. तिथे सुकडी मिळे, आणि अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, तिला आम्ही मिलो म्हणत होतो. भाकरी तांबूस आणि घशाखाली न उतरणारी. तरी ती वाटून घेताना माणसे एकमेकांच्या हाताकडे पाहत.

हे सांगतो ते एका कारणाने. ज्याने अशी भाकरी मोजून खाल्ली त्याच्या घरात साखरेचा डबा भरला की त्याला देव पावल्यासारखे वाटते. माझ्या नातवाला ‘गुटगुटीत’ म्हटले की माझी मंडळी दृष्ट काढते. आम्हाला बारीक मूल पाहिले की पोटात खड्डा पडतो. ताई, तुम्ही मुलीला पावडर दिली ती याच मायेने दिली. बाजाराने आमची ती भीती बरोबर ओळखली आणि डब्यावर उंच मुलाचे चित्र छापले. पुण्याच्या त्या अभ्यासातल्या आया म्हणजे आमच्याच लेकीसुना. त्यांची उपासमार आणि त्यांच्या मुलांची साखर हा एकच आजार आहे असे मला आज प्रथम कळले.

समुद्रकाठ

बाबा, तुमचे लिहिणे वाचून काल रात्री बराच वेळ जागा होतो. पिसुपोचा डबा मानाचा का झाला ते मला आता समजले. जिथे वादळात तारोची अख्खी रोपे झोपतात, तिथे वर्षभर टिकणारा डबा म्हणजे सुरक्षितता होती. त्या मायेचाच धंदा झाला.

माझ्या मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे. रोखठोक यांच्या वडिलांसारखी माणसे असतात आणि ती आदरणीय आहेत, पण समाजाचे आरोग्य अशा निग्रही माणसांच्या भरवशावर सोडता येत नाही. जहाजात काय येते, पाकिटावर काय छापतात, कर कशावर बसतो आणि सकाळी दहा वाजता घरी कोण असते, या चार गोष्टी आधी बदलल्या आणि शरीर त्यांच्यामागून गेले. म्हणून ‘खाणे आवरा’ हे वाक्य मी काउंटरवर यापुढे बोलणार नाही. या आठवड्यात एका सामोअन आजींना विचारले की त्यांच्या आई काय रांधत असत. त्या वीस मिनिटे बोलल्या. त्यांच्या घरामागच्या परसात अळू लावलेले आहे आणि ते फक्त रविवारी खुडतात, असे कळले. मधल्या वारीही खुडता येईल का, असे मी विचारले. त्या हसल्या आणि गोळ्यांची पिशवी घेऊन गेल्या.

मालदांडी

सूनबाईंनी काल रविवारी भाकरी थापायला घेतली. पहिल्या तीन फाटल्या, चौथी फुगली. आईने चौथी स्वतःच्या पानात वाढून घेतली.

सायलीचीआई

शाळेत शनिवारी पालकसभा आहे. पन्नास मीटरचा तो नियम छापून नेणार आहे, आणि वजनाची चिठ्ठी बंद पाकिटात द्यावी ही मागणीही. टपरीवाल्या काकांचे पोट त्यावर आहे, म्हणून त्यांनी तिथेच उकडलेले शेंगदाणे, पेरू आणि केळी ठेवावीत असे सुचवायचे आहे. आणखी काही मागायचे असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा.

हिरवीमिरची

पिण्याच्या पाण्याचा नळ मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर आहे का आणि तो चालू आहे का, तेवढे सभेआधी पाहून घ्या.